खिंडीत घंटी वाजवू नये

९ सप्टेंबर

पोचलो एकदाचा! बसवाल्याने खालच्या फाटकापाशी उतरवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही एखाद्याला वनवासाला सोडून चाललाय. फाटकाच्या अलीकडे डांबरी रस्ता संपतो, पलीकडे खडीची वाट सुरू होते. मोटार, ट्रक, फटफटी, काही म्हणजे काही आत येत नाही. आडवा लोखंडी दांडा आहे, त्याच्या कडेने सायकल तेवढी निघते. मी पलीकडे गेलो, ट्रंक खाली ठेवली आणि कान देऊन ऐकलं. इंजिनाचा आवाज कुठेही नाही. दोन वर्षांनी छातीभर श्वास घेतला.

कामाचं म्हणाल तर चौकीवरचा सायकल मिस्त्री. लांबलांबून लोक जाड टायरच्या सायकली घेऊन या वाटेवर येतात, डोंगरामागून डोंगर चढतात, आणि मग चेन तुटली की माझ्याकडे लंगडत येतात. पंक्चर, ब्रेक, वाकलेली चाकं, सगळं आपलंच. शिवाय मुकादमाबरोबर वाट राखायची. मुकादम म्हणजे वाळलेला, उंच, आणि शब्द उसने आणल्यासारखा बोलणारा. नावातच मुका आहे म्हटल्यावर दोष कुणाला द्यायचा? त्याची खोली वाटेच्या खालच्या अंगाला, चौकीपासून हाकेच्या अंतरावर.

चौकीत दोन खोल्या, एक शेगडी, खिडकीखाली कामाचं टेबल. खिडकीतून डोंगर दिसतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, हे जवळूनही साजरे आहेत, फक्त चढताना तेवढं म्हणवत नाही. मी बडबड्या माणूस, इथे ऐकायला कोणी नाही, म्हणून ही वही.

हिला फोन केला, पोचलो म्हणून सांगितलं. बरं म्हणाली. आमची भिंगरी गेल्यापासून ही एवढंच बोलते. पंधरा वर्षांची पोर, हमरस्त्याच्या कडेने नीट चालली होती सायकलवर, मागून ट्रक आला. तेव्हापासून ही हसलेली नाही. सगळं करते, पण हसत नाही. म्हणून तर ट्रकचा आवाज जिथे येतच नाही अशी जागा शोधली. बस्तान बसलं की हिला बोलावणार. तिला एकदा हसवायचं आहे, बाकी या जन्मात मला काही नको.

१२ सप्टेंबर

आज घंटीचा कायदा शिकलो. या वाटेवर मोटारी नाहीत, पण म्हणूनच एक घोळ आहे. मोटार निदान आधी ऐकू येते. सायकल येते ती वळणामागून थेट नाकासमोर. म्हणून आंधळ्या वळणाआधी घंटी दोनदा वाजवायची. पलीकडे कोणी असेल तर तो एकदा वाजवून ओ देतो. मग जो चढतोय त्याने थांबायचं, डावा पाय खडीवर टेकायचा आणि तीनदा वाजवायचं, म्हणजे वाट तुमची, या. उतरणाऱ्याने खडीवर ब्रेक दाबला की तो लोटांगणच घालतो, म्हणून मान त्याचा. सगळे पाळतात. आज एक जाडजूड गृहस्थ माझ्यासाठी वळणावर पाय टेकून उभे होते, मी गेल्यावर टोपी काढून हसले. शहरात लग्नातही एवढा मान मिळत नाही.

वाट चौकीपासून खिंडीपर्यंत चढत जाते आणि खिंडीतून पलीकडच्या दरीत उतरते. खिंडीतही वळण आहे, उभ्या कातळाला वळसा घालणारं, पलीकडचं काही दिसत नाही. तिथे मात्र घंटी वाजवायची नाही, असं मुकादम म्हणाला. उतरायचं, घंटीवर हात ठेवायचा आणि चालत पलीकडे जायचं. कारण विचारलं तर म्हणाला, तिथे दोन्हीकडून चढच आहे, दोघेही थांबणार. मला हसू आलं. दोन सभ्य माणसं, आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही, करत संध्याकाळपर्यंत पाय टेकून उभी! मुकादम हसला नाही. तो कशालाच हसत नाही, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी वाटेवर दाताळं फिरवतो. दिवसभरात खडीला लाटा पडतात, त्या मोडायच्या. सारवलेल्या अंगणासारखी वाट मागे ठेवून घरी यायला बरं वाटतं. सकाळी कोण आलं, कोण गेलं, ते तिच्यावर उमटलेलं असतं.

२१ सप्टेंबर

आज दिवसभर धुकं. मुकादम खालच्या मोरीतला गाळ काढत होता, मी एकटाच खिंडीजवळचा चर मोकळा करायला गेलो. कातळ आला आणि हाताची सवय आड आली. दोनदा वाजवली. जीभ चावली, म्हटलं आता मुकादम कान उपटणार.

पलीकडून ओ आली.

एकदाच वाजली, आणि वाजून झाल्यावर मागाहून एक बारीक टिक्. मी सायकलवरून पडायचाच.

हे लिहून ठेवायला हवं. भिंगरीच्या घंटीची स्प्रिंग तुटली होती, मी जुन्या घड्याळाची स्प्रिंग घासून आत बसवली. तेव्हापासून ती घंटी वाजली की मागून एक टिक् करायची. भिंगरी म्हणायची, बाबा, हिला उचकी लागते, कोणीतरी हिची आठवण काढतंय. गल्लीच्या टोकाला उचकी ऐकू आली की ही चहा टाकायची. ती घंटी अपघातानंतर वेगळी मिळाली, हिच्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेली आहे.

मी पाय टेकून थांबलो. बराच वेळ. कोणी आलं नाही. मग चालत कातळाला वळसा घालून पाहिलं. धुकं आणि खडी.

वाऱ्याने काहीही वाजतं. मन चिंती ते वैरी न चिंती.

२४ सप्टेंबर

पुन्हा गेलो होतो. खोटं कशाला लिहू, चराचं काम परवाच संपलं. वाजवली. उचकी आली. आज ऊन होतं, वारा नव्हता, तरी आली. मी मोठ्याने हाक मारली. हाकेला ओ नाही, फक्त घंटीला.

चौकीवर येऊन एका बाईंचा ब्रेक लावला तो उलटा लावला. माझं तोंड पाहून चहा त्यांनीच केला.

२७ सप्टेंबर

मुकादमाला विचारलं. आधी म्हणाला, काही नसतं. मी म्हटलं, उचकी आहे त्या घंटीला, मीच बसवलेली. तेव्हा त्याने फावडं खाली ठेवलं आणि आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

त्याने सांगितलं ते असं. तिथे ज्याला त्याला आपापली घंटी ऐकू येते. त्याला त्याच्या थोरल्या भावाची येते, पितळेची, जड आवाजाची. भाऊ दरीत पडून गेला, तो पडला ती जागा इथून कितीतरी लांब, खिंडीचा काही संबंध नाही. पण जो गेलाय त्याची घंटी तिथून येते. मुकादम इतकी वर्षं घंटीवर हात ठेवून चालत जातो. मी विचारलं, कधी वाटलं नाही का, एकदा वाट द्यावी भावाला? तो म्हणाला, रोज वाटतं मिस्त्री. म्हणून तर हात ठेवतो.

पुढे म्हणाला, भाऊ असता तर हाकेला ओ दिली असती. घंटी काय, कोणीही वाजवतं.

मला त्याचा राग आला. भाऊ तो भाऊ, पोर ती पोर.

३० सप्टेंबर

सारखं एकच डोक्यात घोळतं. मी तिथे पाय टेकून थांबतो, कारण मी चढणारा. पण पलीकडूनही चढच आहे. म्हणजे तीही चढून आलेली, आणि पाय टेकून उभी. कायदा पाळणारी पोर ती, रिकाम्या गल्लीतसुद्धा हात दाखवून वळायची. मी तिची वाट बघतोय, ती माझी बघते आहे. आधी तुम्ही, आधी तुम्ही. या गोष्टीला मी हसलो होतो.

आज दुपारी गेलो आणि तीनदा वाजवली. वाट तुझी, ये बाळ.

खडी वाजली. टायरखाली वाजते तशीच, चुरचुर, अगदी सावकाश. कातळाला वळसा घालून आवाज माझ्याकडे आला, माझ्या शेजारून गेला आणि खाली गेला. दिसलं काही नाही. गार वारा मात्र लागला, बर्फाची पेटी उघडल्यासारखा, आणि माझे डोळे भरून आले. मी तिथेच बसून रडलो. आनंदाने रडलो म्हणायला हरकत नाही.

१ ऑक्टोबर

सकाळी खिंडीजवळच्या वाटेवर एका सायकलचा माग. काल संध्याकाळी मी स्वतः दाताळं फिरवलं होतं. माग खिंडीतून खाली आलेला, पहिल्या वळणावर थांबलेला. तिथे डाव्या पायाच्या बुटाचा एक ठसा. भिंगरीच्याच मापाचा. पुढे माग नाही.

मुकादमाने पाहिला. खाली बसला. विचारलं, वाट दिलीत का तुम्ही? मी हो म्हणालो. तो म्हणाला, खाली यायला लागलं की त्याचाच मान, मिस्त्री. आता त्याला अडवणार कोण.

६ ऑक्टोबर

माग रोज एकेक वळण खाली येतो. प्रत्येक वळणावर डाव्या पायाचा ठसा. मी त्यांच्यावर दाताळं फिरवत नाही, कडेने फिरवतो.

आज हिला फोनवर सांगून टाकलं. सांगणार नव्हतो. पण ती बरं म्हणून ठेवायला लागली आणि मला ते बरं सोसवेना. उचकीचं सांगितलं, ठशाचं सांगितलं. मग ही एका दमात किती बोलली! बस किती वाजता असते, तिकडे थंडी आहे का, भिंगरीचा निळा स्वेटर आणू का. म्हणाली, मी निघते. दोन वर्षांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. नको म्हणायला जीभ उचलली नाही.

११ ऑक्टोबर

ठसा खोल होत चालला आहे. आधी लक्षात आलं नव्हतं. वरच्या वळणावरचा जेमतेम उमटलेला. आजचा बोटभर रुतलेला. पावसाचा थेंब नाही, खडी कोरडी ठणठणीत आहे. मी मुद्दाम शेजारी माझा पाय पूर्ण भार टाकून दाबला. माझा इतका रुतत नाही.

भिंगरी तर काडी होती. सायकलवर बसली तरी टायर दबायचा नाही.

हिला फोन केला, येऊ नकोस म्हणायला. घरचा फोन कोणी उचलत नाही.

१३ ऑक्टोबर

ही आली. खालच्या फाटकापासून चालत, एका हातात पिशवी, एका हातात स्वेटर. पिशवीतून कापडाची पुरचुंडी काढली आणि ती घंटी टेबलावर ठेवली.

मला तिथे धरायला जागा सापडली. मी म्हटलं, अगं बघ, घंटी ही इथे आहे. ही तर कपाटात होती. मग वर वाजते ती कोणती? ती म्हणाली, अहो, घंटी माझ्याकडे आहे, पोरगी तिकडे आहे, एवढंच ना.

संध्याकाळी तिला सगळ्यात खालचा ठसा दाखवावा लागला. ती खाली बसली, ठशात हात घातला, कडेची ढासळलेली खडी बोटांनी नीट केली. मनगटापर्यंत हात आत गेला. तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, थकली असेल पोर.

मुकादम लांब उभा होता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, उद्या सकाळी वहिनींना खाली घेऊन चला. मी सामान उचलतो.

१४ ऑक्टोबर

ही यायला तयार नाही. हात धरला तर सोडवून घेतला. मुकादमाने हात जोडले, आपल्या भावाचं सांगितलं, आयुष्यात एवढा बोलला नसेल. हिने ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही इतकी वर्षं भावाला तिथेच उभं ठेवलंत? मुकादम मान खाली घालून गेला.

दिवेलागणीला चौकीच्या दारापाशी खडी वाजली. मग घंटी. टिक्. ही उठली. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

फळीतून गारठा पाठीला लागत होता. पलीकडे कोणीतरी पाय टेकून उभं होतं. श्वास नाही, हालचाल नाही, नुसतं वाट बघणं. मी बाहेरच्याला म्हटलं, भिंगरे, तू असशील तर बाबा म्हण. एकदाच म्हण.

घंटी वाजली.

ही माझ्या छातीवर बुक्क्या मारत होती. किती हलक्या. उघडा म्हणत होती. मी उघडलं नाही. पोटची पोर दारात असेल नसेल, आणि मी उघडलं नाही.

१५ ऑक्टोबर

सकाळी दारापासून माग परत वर गेलेला. पहिल्यांदाच वर.

ही ते बघत उभी राहिली आणि म्हणाली, रुसून गेली. माझ्याशी त्यानंतर बोलली नाही. मी समजावलं, चहा दिला, तो निवला. मुकादम खालचं फाटक बंद करून माणसं आणायला गेलाय. दुपारपर्यंत येईल. तोवर हिला डोळ्याआड करायचं नाही.

धुकं दाटतंय.

१५ ऑक्टोबर, दुपार

शेगडीत लाकूड घालायला पाठ फिरवली. एवढंच. टेबलावर घंटी नाही. स्वेटर नाही. दुरुस्तीला आलेली लहान सायकल भिंतीशी होती ती नाही. पाना खाली पडलाय, घंटी तिने स्वतः बसवली. मी तिला कधी काळी शिकवलं होतं कशी बसवतात ते.

मुकादम अजून आलेला नाही. मी निघालो. वही खिशात असू दे.

खिंड

तिचा माग माझ्या पुढे. कातळापाशी येऊन थांबलाय. डाव्या पायाचा ठसा. हलका, चपलेचा. हिचा.

पुढे काही नाही. कालच्या दाताळ्याच्या रेघा जशाच्या तशा.

मी घंटी वाजवली नाही. हात ठेवलाय. मुठीत धरली आहे. हाका मारल्या. घसा बसला.

पलीकडून दोन घंट्या वाजतात. दोन्हींना उचकी आहे. एकीनंतर एक, दुसरीनंतर पहिली. हिच्या हातातली कोणती ते मला कळत नाही — माझीच स्प्रिंग, मला कळायला हवी —

मुकादम म्हणाला होता हाकेला ओ देत नाहीत. हाकेला ओ आली तर — तर ती हीच — तर जिवंत आहे —

खालून माणसांचे आवाज. मुकादम माझं नाव घेतोय. लांब आहेत. थांबा म्हणतोय —

घंट्या थांबल्या.

खडी वाजली. पाय टेकल्यासारखी. एक. मग दुसरा.

अहो.

तिचा आवाज. अहो म्हणाली. घंटी नाही, तोंडाने. कातळाच्या अगदी मागे —

हसते आहे. देवा, ही हसते आहे. तसंच, आधी नाकात आणि मग — दोन वर्षं मी — कोणालाही असं हसता येणार नाही, हे तिचंच — म्हणते, अहो किती उशीर, आम्ही थांबलोय, आधी तुम्ही —

हात घंटीवरून काढला. पाय उचल